कडक आणि भरीव: पार्तागास डी-४ की पाद्रोन १९२६?

‘कडक सिगार हवा’ असे म्हणणारा माणूस बहुधा दोन निरनिराळ्या गोष्टी एकाच शब्दात मागत असतो. पहिली गोष्ट निकोटिनच्या जोराची, ज्याला आपण सरळ ‘तंबाखू लागणे’ म्हणतो. दुसरी धुराच्या भरीवपणाची, म्हणजे तो तोंडात किती दाट आणि जड वाटतो आणि झुरक्यानंतर जिभेवर किती वेळ रेंगाळतो याची. या दोन गोष्टी पुष्कळदा हातात हात घालून येतात, पण नेहमी नाही. दाट धुराचा एखादा सिगार डोक्याला जाणवूही न देता संपतो, तर साध्या चवीचा एखादा अर्ध्यावरच कपाळावर घाम आणतो. त्यामुळे पार्तागास सेरी डी नंबर ४ आणि पाद्रोन सेरी १९२६ नंबर ६ या दोन नामवंत रोबुस्तोंमधून, म्हणजे आखूड आणि जाड घडणीच्या सिगारांमधून, एक निवडायचा असेल, तर आपल्याला या दोहोंपैकी काय हवे आहे हे आधी ठरवावे लागते.

तुलनेसाठी ही जोडी सोयीची आहे, कारण आकाराचा फरक जवळजवळ नाहीच. डी-४ ची लांबी १२४ मिलिमीटर आणि नंबर ६ ची पावणेपाच इंच, म्हणजे सुमारे १२१ मिलिमीटर. दोघांचीही जाडी ५० रिंग. रिंगचे एक माप म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, तेव्हा जाडी २० मिलिमीटरच्या अगदी जवळ येते. फरक आहे तो घडणीत. डी-४ गोल असतो, तर पाद्रोन पेटीत दाबून चौकोनी केलेला असतो आणि बोटांत धरताच त्याच्या कडा जाणवतात.

दोघांचे कूळ शोधू गेल्यास एकाच मातीपाशी येऊन थांबते. पार्तागास ही क्युबातल्या हवानाची १८४५ पासूनची पेढी आणि तिचा तंबाखू पिनार देल रिओ प्रांतातल्या व्हुएल्ता आबाहो भागातला. होसे ओर्लांदो पाद्रोन यांचा जन्मही १९२६ साली याच प्रांतात झाला. क्रांतीनंतर ते देश सोडून गेले, १९६४ मध्ये त्यांनी मायामीत आपली पेढी उघडली आणि १९७० मध्ये ते निकाराग्वातल्या एस्तेलीला पोहोचले. सेरी १९२६ ही मालिका त्यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघाली. तिच्यातला सगळा तंबाखू निकाराग्वाचा असतो आणि वळण्यापूर्वी पाच वर्षे मुरवलेला असतो. पुढे चवीत जो फरक पडतो, त्याचे निम्मे कारण या पाच वर्षांत आहे असे मला वाटते.

जोर कुठून येतो, तेही पाहिले पाहिजे. तंबाखूच्या झाडाची खालची पाने, म्हणजे व्होलादो, पातळ असतात आणि चटकन जळतात. मधली सेको पाने सुगंध देतात. शेंड्याकडची लिगेरो पाने ऊन खाऊन जाड आणि तेलकट झालेली असतात व निकोटिनचा जोर मुख्यतः त्यांच्यात असतो. लिगेरो सावकाश जळतो, म्हणून वळणारा कारागीर तो सिगारच्या ऐन पोटात ठेवतो. तो एका बाजूला सरकला की सिगार वाकडा जळू लागतो. बाहेरच्या पानाच्या रंगाशी या जोराचा फारसा संबंध नाही. काळपट मादुरो पान पाहून पुष्कळ जण दचकतात, पण तो रंग जास्त काळ आंबवण्यातून येतो आणि त्यासोबत बहुधा गोडवाच येतो.

आता प्रत्यक्ष चव. डी-४ चे टोक कापून, न पेटवता ओढून पाहिला तर कोरडे गवत, चामडे आणि किंचित मिठासारखे काहीतरी लागते. पेटवल्यावर पहिले पाच-सहा झुरके मिऱ्याचे असतात. थोडा धूर नाकावाटे सोडला की ती मिरी नाकाच्या मुळाशी जाऊन बसते आणि डोळ्यांत पाणी येते. पहिला तृतीयांश संपता संपता मिरी मागे सरते आणि ओल्या मातीची, लाकडाची, कोऱ्या कॉफीची चव पुढे येते. हा मधला तृतीयांश मला या सिगारचा सर्वांत सुंदर भाग वाटतो, कारण त्यात चवी स्थिर राहत नाहीत: एका झुरक्यात लाकूड, पुढच्यात भाजलेल्या दाण्याचा भास, मग पुन्हा चामडे. शेवटच्या तृतीयांशात जोर एकदम वर येतो आणि घाईने ओढणाऱ्याला कडवटपणा भोगावा लागतो. मिनिटाला एक झुरका ही चाल इथे पाळावीच.

पाद्रोनचे बाहेरचे पान नॅचरल आणि मादुरो अशा दोन प्रकारांत मिळते. मी तुलनेसाठी नॅचरल घेतला. त्याचा धूर पहिल्याच झुरक्याला इतका दाट येतो की तोंड भरल्यासारखे होते. कोको, कॉफी आणि सीडर लाकूड या तीन चवी सुरुवातीपासून अखेरपर्यंत टिकतात आणि मिरी त्यांच्या आडून, कधी जिभेच्या टोकाला तर कधी घशाशी, डोकावत राहते. नाकावाटे धूर सोडला तरी डी-४ सारखी झोंबणी होत नाही. मुरलेल्या तंबाखूचा मऊपणा तिथे लगेच कळतो. वळणे मात्र कमी. डी-४ ओढताना पुढे काय येईल याची उत्सुकता असते, पाद्रोन ओढताना जे आहे ते किती नेटके आहे याचे समाधान असते. मादुरो घेतल्यास तीच चव काळ्या चॉकलेटकडे झुकते, आणि जेवणानंतर ओढायचा असेल तर तोच घ्यावा.

भरीवपणात पाद्रोन निःसंशय वरचढ आहे. जोरात मात्र निकाल इतका सरळ नाही. डी-४ चा जोर चवीतूनच सूचना देतो: घसा खवखवतो आणि माणूस आपोआप सावकाश ओढतो. पाद्रोनचा जोर त्या मऊ कोकोच्या आड लपून येतो आणि शेवटच्या इंचापाशी उठून उभे राहिले की मग कळतो. नवख्याला म्हणूनच मी पाद्रोनबद्दल अधिक सावध करीन, जरी त्याला आवडणार तोच असला तरी. सिगारचा धूर अल्कलीयुक्त असल्यामुळे तो छातीत न घेताही निकोटिन तोंडाच्या अस्तरातून रक्तात जाते. लिगेरोने ठासलेला एक सिगार मी एकदा रिकाम्या पोटी ओढला आणि पुढचा अर्धा तास डोळे मिटून, गार घामाने भिजत, भिंतीला टेकून काढला. चूक सर्वस्वी माझीच होती. असा निखळ जोरच हवा असणाऱ्याने होया दे निकाराग्वा या पेढीचा आंतान्यो १९७० पाहावा. चवीच्या नजाकतीत तो या दोघांच्या पंगतीला बसत नाही, जोरात बसतो. धूर छातीत न घेतल्याने सिगार निरुपद्रवी ठरत नाही. तोंडाचा आणि घशाचा कर्करोग त्यानेही होतो, हे धरूनच निवड करायची आहे.

कुठे राहता यावरही काही गोष्टी अवलंबून आहेत. अमेरिकेने १९६२ मध्ये क्युबावर व्यापारबंदी घातली, त्यामुळे तिथे डी-४ कायदेशीररीत्या विकला जात नाही. तिथल्या माणसापुढे हा प्रश्नच उरत नाही. इतरत्र नकली मालाचा धोका दोन्हीकडे आहे. पाद्रोन १९२६ च्या पट्टीवर क्रमांक छापलेला असतो, तर क्युबाच्या पेटीवर हमीची मोहोर आणि तळाला कारखान्याचे चिन्ह व महिना-वर्ष असते. सुटा डी-४ घेताना ही पेटी दाखवायला सांगावी.

एकच सिगार घेऊन त्याच संध्याकाळी ओढायचा असेल, तर मी पाद्रोन नॅचरल घेईन, कारण तो मुरूनच हातात येतो. पेटी घेऊन थांबण्याची तयारी असेल, तर डी-४. ताज्या डी-४ मधली मिरी दोन-तीन वर्षांत बोथट होते आणि मधल्या तृतीयांशातली ती बदलती चव हळूहळू सगळ्या सिगारभर पसरते. त्यासाठी ह्युमिडॉरमधली, म्हणजे सिगार ओलसर राखणाऱ्या पेटीतली, आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास ठेवावी, सिगारच्या मूळ पेटीच्या तळाचा शिक्का वहीत उतरवून घ्यावा आणि दर सहा महिन्यांनी एकच सिगार काढून पाहावा.