येझदीचं सीट शिवायला दिलं आणि पत्राच गेला

जुनी गाडी असेल आणि सीट उसवून बसला असाल तर हे वाचाच. माझे 3,200 रुपये गेले ते जाऊ देत, पण पप्पांच्या येझदी मोटारसायकलच्या सीटचा मूळ पत्रा (फोमच्या खालचा लोखंडी तळ) गेला, तो कुठनं आणू.

गाडी 1986 ची रोडकिंग. म्हैसूरचा कारखाना 1996 लाच बंद पडला, त्यामुळं ओरिजनल पत्रा नवीन मिळायचा प्रश्नच नाही, बाजारात मिळतो तो डुप्लिकेट, अंगठ्यानं दाबला तर पिचकतो. आमच्या पत्र्याला उजव्या कडेला गंजून भोक पडलेलं, ते पप्पांनी बेळगावात उद्यमबागेत ओळखीच्या माणसाकडनं वेल्डिंग मारून बुजवून घेतलेलं.

सीट मीच घरी करणार होतो. जुनं कव्हर फाडलं तर आतला फोम भाकरीच्या चुऱ्यासारखा हातात आला. पत्रा घासला, दोन्ही बाजूंनी रेड ऑक्साईड (गंज धरू नये म्हणून मारतात तो तांबडा रंग) मारला, दोन दिवस गच्चीवर वाळवला. मग चाळीस डेन्सिटीचा (म्हणजे घनमीटरला चाळीस किलो भरणारा) फोम आणून हॅक्सॉच्या नुसत्या पात्यानं कापला (पातं लांब काढून करवतीसारखं हळू चालवायचं, दाबलं की फोम वाकडा कापतो) आणि वरनं ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावून पुढचा उतार घासून काढला. माझी उंची कमी, पाय पुरत नव्हते, म्हणून पुढं एक इंच कमी केला. घरभर पिवळा भुसा, बायको दोन दिवस बोलली नाही, पण आकार असा झाला होता की काय सांगू.

अडलं ते शिलाईत. घरच्या मशीनवर रेक्झिनचे दोन थर आणि मधे पायपिंग (शिलाईच्या कडेची गोल पट्टी) घातलं की सुई तुटायची, 16 नंबरची तुटली, 18 ची पण तुटली, तिसऱ्या वेळी मशीनच अडकली. तेवढ्यात एकानं नंबर दिला, हा घरी येऊन सीट करतो म्हणून.

आला माणूस. बोलणं एकदम आपलं, "काय करूलाय ओ तुम्ही, ह्यो फोम सोफ्याचा, गाडीवर महिनाभर टिकत नाही," वगैरे. मी म्हटलं चाळीसचा आहे. तर हसला आणि खिशातनं एक फोमचा तुकडा काढून हातात दिला, घट्ट, दाबला की लगेच वर येणारा, "ह्यो बघा चाळीस." आता कळतंय की तो तुकडा दाखवायलाच ठेवलेला असतो. मग म्हणाला शिलाईला मोठी मशीन लागते, ती आमच्या गाळ्यात, फिटिंग पत्र्यावरच बसवून बघावं लागतं, सगळं सीटच द्या, उद्या संध्याकाळी आणून देतो. दोन हजार ॲडव्हान्स दिला. पावती मागायला लाज वाटली, घरात बसून चहा प्यालेला माणूस, त्याला पावती काय मागायची.

उद्याचे पाच दिवस झाले. सीट आलं तेव्हा वरनं छान होतं, शिलाई सरळ, पायपिंग पांढरं. उलटं करून बघितलं तर खालनं पत्रा चकाचक काळा. मी येडा म्हटलं वा, तुम्ही पत्र्याला पण रंग मारला! आणि उरलेल्या 1,100 वर 100 रुपये खुशीनं जास्त दिले.

जुलैत आंबोलीला गेलो. शिनोळी ओलांडली आणि जो पाऊस लागला तो परत येईपर्यंत. दुसऱ्या दिवशी गाडीवर बसलो की पँट ओली, तिसऱ्या दिवशी पण ओली, आणि मधे असा खड्डा की बुड पत्र्याला टेकतंय. पाणी शिलाईच्या भोकातनं जातं, म्हणून कव्हरच्या खाली प्लास्टिकचा कागद घालायचा असतो, तो घातलाच नव्हता. कव्हर उचकटलं. वर बोटभर जाडीचा बरा फोम आणि खाली पॅकिंगच्या खोक्यातले तुकडे सोल्युशननं चिकटवलेले. माझा घासलेला फोम गायब. वरचा तरी चाळीसचा असेल म्हणून वाळवून किराणा दुकानातल्या काट्यावर मोजला. हिशोब सोपा आहे, एक फूट बाय एक फूट आणि दोन इंच जाड तुकडा चाळीसचा असेल तर 190 ग्रॅमच्या आसपास भरतो, 23 चा असेल तर 110. ह्याच्या थराचा तेवढा हिशोब केला तर 120 पण भरेना. फोम घेताना हेच करा, दाबून काही कळत नाही, आणि तुकडा त्याच्या खिशातला नको, तुमच्या सीटवर जाणार तो मोजा.

पण फोमचं मला एवढं नाही. पत्रा मोकळा झाला तेव्हा पोटात गोळा आला. रेड ऑक्साईड कुठंच नाही. वेल्डिंगचा डाग नाही. आमच्या पत्र्याला कव्हर अडकवायला दाते होते, ह्याला भोकं पाडून रिव्हेट मारलेले, आणि त्या भोकांतनं दोन महिन्यांत गंज सुटलेला.

फोन केला. "त्योच पत्रा हाय की ओ, घासून रंग मारल्यावर डाग कसा दिसणार?" मी म्हटलं वेल्डिंग घासून जातं होय? त्यानंतर फोन बंद, गाळ्याला कुलूप. ग्राहक हेल्पलाईन आहे, 1915, तिथं पण पहिला प्रश्न बिल आहे का हाच. माझ्याकडं ना बिल, ना देण्याआधीचा फोटो. पत्रा वरनं-खालनं फोटो काढायला एक मिनिट लागलं असतं.

आता सीट नव्यानं बनवलंय, ह्याच डुप्लिकेट पत्र्याला खालनं दोन पट्ट्या वेल्ड करून. शिलाई आमच्या कोपऱ्यावर चपला शिवणाऱ्या काकांनी दाभण आणि नायलॉनच्या दोऱ्यानं करून दिली, 250 रुपयांत, मी शेजारी पोत्यावर बसून होतो, सीट हातातनं सोडलंच नाही.

कोणी कोल्हापूर, निपाणी, गडहिंग्लजकडं येझदीचा "ओरिजनल पत्रा" विकत घेत असेल तर उजव्या कडेला बघा, विड्याच्या पानाएवढा वेल्डिंगचा डाग आणि रंग खरवडला की आत तांबडा ऑक्साईड. तो आमचा आहे. घेतला असेल तरी सांगा, दिलेत तेवढे पैसे देतो.