टायर चांगले, नट देवाच्या भरवशावर

सातारा रस्त्यावरच्या या दुकानात वॅगनआरचे पुढचे टायर बदलले. खेड शिवापूर टोलनाक्याच्या अलीकडेच डावीकडून टकटक, स्टिअरिंगला थरथर, आणि गाडी बाजूला घेतानाच चाक निखळून चरात! दोन स्टड (चाक धरून ठेवणारे बोल्ट) तुटलेले, उरलेले नट गायब. मालक म्हणतात, "काका, ५० किलोमीटरनंतर नट परत आवळायचे असतात." असतात ना, पण सांगितलं कुणी? बिलावर एक ओळ नाही. आणि ५० किलोमीटर झालेच कुठे होते? पोरगा नट आवळायच्या गनने टर्रर्र करून मोकळा, नट नेमक्या जोराने आवळायचा टॉर्क रेंच भिंतीवर शोभेला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये याला सेवेतील त्रुटी म्हणतात. जिल्हा ग्राहक आयोगाकडे २ वर्षांच्या आत तक्रार करता येते. बिल आणि स्टडचे फोटो जपून ठेवलेत. एक तारा, तोही चहा चांगला होता म्हणून.