क्वीन्स पार्कची प्रेक्षक दीर्घा: ऐकण्याची सोय उत्तम, उत्तराची जेमतेम

टोरॉन्टोत राहणाऱ्या मराठी माणसाने क्वीन्स पार्कची ती गुलाबी वालुकाश्माची इमारत बाहेरून पुष्कळदा पाहिलेली असते आणि भारतातून आलेल्या पाहुण्यांना तिच्यासमोर उभे करून छायाचित्रेही काढलेली असतात. पण आत जाऊन ऑन्टॅरिओ प्रांताच्या विधानसभेचे कामकाज ऐकणारा विरळाच. मीही इतकी वर्षे बाहेरच होतो. नागपूरहून आलेल्या मामांनी नायगाऱ्याच्या धबधब्यापेक्षा अधिवेशन पाहण्याचा हट्ट धरला, म्हणून एकदाचा आत गेलो. मामा निवृत्त शिक्षक आहेत आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाची त्यांना जुनी सवय आहे, त्यामुळे हे परीक्षण अर्धे त्यांचेही आहे.

पाससाठी पैसे पडत नाहीत. प्रश्नोत्तराचा तास अधिवेशनकाळात सोमवार ते गुरुवार सकाळी साडेदहाला सुरू होतो, तेव्हा सुरक्षा तपासणीसाठी हाताशी वेळ ठेवून पोहोचावे. "आपल्याकडे आमदाराची चिठ्ठी लागते रे," असे मामा दारातच म्हणाले, आणि कोणाचीही ओळख न सांगता आत जाता येते याचे त्यांना शेवटपर्यंत अप्रूप वाटत राहिले. दीर्घेत टाळ्या, घोषणा आणि छायाचित्रे वर्ज्य आहेत. सभागृह १८९३ सालचे आहे. लाकडी कोरीव कामात सत्ताधारी बाकांकडे रोखून पाहणारे एक घुबड आहे आणि विरोधकांकडे पाहणारा एक गरुड: सरकारने शहाणपणाने वागावे आणि विरोधकांनी डोळ्यांत तेल घालून पहारा करावा, असा त्याचा अर्थ सांगतात. घुबडाचा संबंध शहाणपणाशी कसा, हे मामांना पटवताना मात्र माझी पुरेवाट झाली.

इमारतीपेक्षा मला सांगायचे आहे ते विधानसभेचे कामकाज लोकांपर्यंत पोहोचवणाऱ्या या सेवेच्या खऱ्या कसोटीबद्दल. जो मतदार या दीर्घेत कधीच येऊन बसू शकत नाही, त्याच्या ती किती उपयोगाची आहे? त्यासाठी किवेटिनुंग या मतदारसंघाचे आमदार सॉल मामाक्वा यांच्या कामाकडे पाहावे लागते.

किवेटिनुंग या नावाचा अर्थच उत्तर दिशा. २०१८ च्या निवडणुकीपूर्वी नव्याने आखलेला हा मतदारसंघ सुमारे २ लाख ९४ हजार चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे आपल्या महाराष्ट्राहून थोडासाच लहान. लोकसंख्या मात्र जेमतेम तेहतीस हजार, आणि तीत बहुसंख्य मूलनिवासी. महाराष्ट्रात २८८ आमदार जेवढी जमीन वाटून घेतात, जवळपास तेवढ्या जमिनीचा इथे एकच प्रतिनिधी आहे. उलट एकट्या टोरॉन्टो शहराच्या वाट्याला १२४ पैकी २५ जागा येतात. बारमाही रस्ता पिकल लेक या गावी संपतो. त्यापुढच्या वस्त्यांना लहान विमानाने जावे लागते, किंवा हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवरून आणि दलदलीवरून तयार होणाऱ्या बर्फाच्या रस्त्याने. इंधन, घरबांधणीचे सामान, अवजड यंत्रे ही सारी त्या काही आठवड्यांतच वर पोहोचवायची असतात. २०२४ च्या हिवाळ्यात थंडीच पुरेशी पडली नाही, रस्ते धड गोठले नाहीत, आणि फेब्रुवारीत तिथल्या मूलनिवासी समाजांच्या 'निश्नॉबे आस्की नेशन' या संघटनेला आणीबाणी जाहीर करावी लागली. आपल्याकडे पाऊस न पडल्याने गावे हवालदिल होतात. तिथे बर्फ न जमल्याने होतात.

मामाक्वा हे किंगफिशर लेक या अशाच विमानानेच गाठता येणाऱ्या समाजाचे. न्यू डेमोक्रॅटिक पक्षातर्फे ते २०१८, २०२२ आणि २०२५ अशा सलग तीन निवडणुका जिंकले. लहानपणी ते मूलनिवासी मुलांसाठीच्या ज्या निवासी शाळांत शिकले, तिथे मुलांना आपल्या भाषेत बोलण्याची मनाई होती. विधानसभेच्या नियमांतही २०२४ च्या मार्चपर्यंत इंग्रजी आणि फ्रेंच या दोनच भाषा होत्या. तो नियम त्यांच्या पाठपुराव्यामुळे बदलला, आणि २८ मे २०२४ रोजी ते अनिशिनिनीमोविन, म्हणजे ओजी-क्री, भाषेत सुमारे दहा मिनिटे बोलले. ऑन्टॅरिओच्या सभागृहात मूलनिवासी भाषेतले भाषण दुभाष्यांसह होण्याची ती पहिलीच वेळ. त्या दिवशी त्यांच्या दिवंगत आईचा जन्मदिवस होता. उत्तरेकडून आलेले आप्त, वडीलधारे आणि तरुण त्या दिवशी दीर्घेत बसले होते. ज्यांच्यासाठी ही दीर्घा एरवी नसल्यासारखीच आहे, त्यांच्यासाठी ती त्या सकाळी खरोखर उपयोगी पडली.

आम्ही ते भाषण घरी चित्रफितीवर पाहिले. सदस्यांच्या बाकांवर श्रवणयंत्रे असतात. एरवी फ्रेंच प्रश्न आला की इंग्रजी भाषक ती कानाला लावतात. त्या दिवशी मुख्यमंत्री डग फोर्ड यांच्यासह सगळ्यांनाच ती लावावी लागली. बहुसंख्याकांना अनुवादावर अवलंबून राहावे लागण्याचा हा प्रसंग या सेवेच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा म्हणावा लागेल, असे मला वाटते. मामांनी लगेच विचारले, "गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या आमदाराला मुंबईत असे बोलता येईल का?" मी पाणी आणायला उठलो.

सेवेच्या या भागाला मी पूर्ण गुण देतो. विनामूल्य प्रवेश, थेट प्रक्षेपण, जुन्या बैठकांच्या चित्रफिती आणि हॅन्सार्ड म्हणून ओळखला जाणारा शब्दशः वृत्तांत, यांत नाव ठेवायला फारशी जागा नाही. मामाक्वांचे ते भाषण वृत्तांतात ओजी-क्रीच्या मूळ लिपीतही छापले गेले आहे.

उत्तरांचे काय, या ठिकाणी मात्र हात आखडता घ्यावा लागतो. त्याच दिवशी मामाक्वांनी आपल्या भाषेत सरकारला आपल्या मतदारसंघातल्या सू लुकआउट या गावच्या वृद्धांच्या दीर्घकालीन शुश्रूषागृहाबद्दल विचारले. तिथे ७६ नव्या खाटांची गोष्ट कित्येक वर्षे चाललेली आहे. तोवर वृद्धांना रांगेत वर्षे काढावी लागतात, किंवा आपली भाषा कोणालाच कळत नाही अशा दूरच्या गावी जाऊन राहावे लागते. भाषणाला सर्व पक्षांचे सदस्य उभे राहिले. खाटांना उभे राहणे इतके सोपे नसते.

याचे कारण प्रश्नोत्तराच्या घडणीतच आहे. आपल्या विधिमंडळात तारांकित प्रश्नाची लेखी सूचना आधी द्यावी लागते आणि उत्तर छापून येते, मग त्यावर उपप्रश्न झडतात. इथे तोंडी प्रश्नाला पूर्वसूचना लागत नाही. प्रश्न एका मिनिटाचा, उत्तरही एका मिनिटाचे, मग एक-दोन उपप्रश्न, की झाले. त्यामुळे चटपटीतपणा येतो खरा, पण विचारलेल्या गोष्टीचेच उत्तर मंत्र्याने द्यावे असे बंधन नाही. असमाधानी सदस्याला तशी नोटीस देऊन संध्याकाळी पाच मिनिटे बोलण्याची आणि मंत्र्याकडून पाच मिनिटांचे उत्तर मिळवण्याची सोय आहे. मात्र तोवर दीर्घा बहुधा रिकामी झालेली असते.

नेस्कांटागाचे पाणी हे याचे सर्वांत विदारक उदाहरण. थंडर बे शहराच्या ईशान्येला सुमारे साडेचारशे किलोमीटरवरच्या, किवेटिनुंगमधल्या या मूलनिवासी वस्तीत फेब्रुवारी १९९५ पासून नळाचे पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये असा इशारा लागू आहे, आणि कॅनडातला तो सर्वांत दीर्घकाळ चाललेला इशारा आहे. त्यावर्षी जन्मलेले मूल आज तिशी ओलांडून गेले. राखीव वसाहतींतील पाणी ही संघराज्य सरकारची जबाबदारी असल्याने प्रांताला हात झटकायची सोय कायमच उपलब्ध असते. मामाक्वा तरीही तो प्रश्न पुन्हा पुन्हा मांडतात, कारण जे आजारी पडतात तेही याच प्रांताचे नागरिक आहेत.

या सेवेची शिस्तही एकदा तपासली गेली. मे २०२५ मध्ये विधेयक क्रमांक पाचची चर्चा तापली होती. खाणींसारख्या प्रकल्पांसाठी विशेष आर्थिक क्षेत्रे घोषित करून तिथे प्रांताचे कायदे शिथिल करण्याचा अधिकार त्याने सरकारला मिळणार होता, आणि उत्तरेतील 'रिंग ऑफ फायर' हा खनिजसंपन्न प्रदेश डोळ्यांसमोर असल्याने तिथल्या मूलनिवासी समाजांत संताप होता. मुख्यमंत्री या समाजांना असत्य सांगत आहेत, असे मामाक्वा म्हणाले. शब्द मागे घेण्यास त्यांनी नकार दिला आणि अध्यक्ष डॉना स्केली यांनी त्यांना सभागृहाबाहेर जाण्यास सांगितले. सदस्याने दुसऱ्यावर खोटेपणाचा आरोप करू नये हा नियम संसदीय परंपरेतला आहे आणि तो सर्वांना सारखाच लागू होतो, हे मान्य. पण ज्या एकमेव आमदाराला जवळपास महाराष्ट्राएवढ्या प्रदेशाचे म्हणणे मांडायचे आहे, तो बाहेर गेला की त्या दिवसापुरता तो सगळा प्रदेशच बाहेर जातो. विधेयक जूनच्या पहिल्या आठवड्यात मंजूर झाले.

जाणाऱ्यांसाठी एक सूचना: दीर्घेत बसण्याआधी घरी २८ मे २०२४ चा वृत्तांत वाचावा, मग खाली चाललेल्या एका मिनिटाच्या चकमकींचे वजन लक्षात येते. मामांनी तो मूळ लिपीसाठी पाहिला. ही लिपी १८४० च्या सुमारास जेम्स इव्हान्स या धर्मोपदेशकाने रचली, आणि तिच्या घडणीत लघुलेखनाबरोबर देवनागरीचाही प्रभाव असल्याचे अभ्यासक मानतात. हे समजल्यावर मामांनी वीजबिलाच्या पाठीमागे पेन्सिलने एकच त्रिकोणी खूण चार दिशांना वळवून काढली: टोक खाली तेव्हा पे, वर तेव्हा पी, उजवीकडे पो, डावीकडे पा. "ही तर बाराखडीच," ते म्हणाले, आणि पुढचे अधिवेशन कधी आहे ते बघायला त्यांनी मला बसवले.