आबांसोबत गुहागर: दाभोळची फेरीबोट आणि व्याडेश्वराजवळची घरगुती खानावळ

घरात ऐंशी ओलांडलेलं माणूस असेल आणि ते 'एकदा समुद्रावर नेऊन आण' म्हणून मागे लागलं असेल, तर दापोलीहून फेरीबोटीने गुहागरला जा. निकाल आधीच सांगून टाकते: फेरीला पैकीच्या पैकी, जेवणाला त्याहून थोडे जास्त, आणि किनाऱ्यावरच्या सोयींना काठावर पास. अट एकच, गुहागर म्हणजे गुहागरच. वेळणेश्वर, हेदवीचा गणपती, बामणघळ, गोपाळगड हे सगळं त्याच दिवसात कोंबायचं असेल, तर म्हाताऱ्या माणसाला घरीच सुखाने झोपू द्या.

आमचे आबा एसटीत ड्रायव्हर होते, दापोली डेपोला. म्हणजे शेजारच्या सीटवर बसूनही त्यांचा उजवा पाय ब्रेकवरच असतो. मी गाडी चालवणार म्हटल्यावर त्यांनी निघायच्या आधी चारही टायर काठीने ठोकून बघितले. त्यांच्या नोकरीच्या काळात दापोलीहून गाडीने गुहागर म्हणजे खेड, चिपळूण असा शंभरावर किलोमीटरचा वळसा होता. नाहीतर दाभोळला उतरा, होडीने पलीकडे जा आणि तिकडे दुसरी एसटी पकडा. २००३ साली दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू झाली आणि वाशिष्ठीच्या मुखावरून गाडीसकट पलीकडे जायची सोय झाली. कोकणच्या किनाऱ्यावरची गाड्या नेणारी ही पहिली फेरी. वेसवी-बागमांडला, तवसाळ-जयगड या नंतरच्या.

वयस्कर माणसाच्या दृष्टीने या फेरीचं खरं सुख म्हणजे गाडीतून उतरावंच लागत नाही. धक्क्याच्या उतारावरून गाडी सरळ बोटीत. खलाशी हाताने 'येऊ दे, येऊ दे, बस' करत गाड्या इतक्या चिकटवून लावतात की मधून मांजर जाईल का शंका. त्यामुळे खाली उतरायचं असेल तर गाडी लावायच्या आधीच उतरा, नंतर दार उघडत नाही. आम्ही काचा खाली केल्या आणि बसून राहिलो. समोर टेम्पो, त्यात केळीचे घड, बाजूला लग्नाची खरेदी घेऊन चाललेली सुमो. आबांचं लक्ष खाडीकडे नव्हतंच, त्या खलाशाकडे होतं. एक लांबलचक गाडी त्याने दोन खुणांत तिरकी घेऊन कोपऱ्यात बसवली, तेव्हा आबा म्हणाले, "हा माणूस डेपोत हवा होता गं." आबांकडून याच्यावरचं प्रशस्तिपत्रक मी अजून ऐकलेलं नाही.

चढताना-उतरताना तो लोखंडी उतार ओला असतो. पायी जाणार असाल तर आजी-आजोबांचा हात धरा आणि गाड्या पुढे जाऊ द्या. शनिवार-रविवारी आणि मे महिन्यात रांग लागते, आम्ही मधल्या वारी गेलो. परतीच्या फेरीची वेळ जातानाच खिडकीवर विचारून ठेवा.

दाभोळला धक्क्याजवळच आदिलशाही काळातली काळ्या दगडाची मशीद आहे, ती गाडीतूनही नीट दिसते. चंडिकेचं भुयारी देऊळ मात्र आम्ही सोडलं. आत काळोख, नुसत्या समयांचा उजेड आणि वाकून जायचं. गुडघे चांगले असतील तर जरूर जा. आबांनी रस्त्यावरूनच हात जोडले आणि "तिला माहितीये माझे गुडघे" म्हणाले.

धोपाव्याहून पुढे वाटेत वीज प्रकल्प लागतो. कंपनी २००१ साली बंद पडली, पुढे नाव बदललं, मालक बदलले, पण इकडे अजून सगळे 'एन्रॉन'च म्हणतात. आबा त्यावर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता जेवणाचं. खानावळ व्याडेश्वराच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर, एका वाडीतल्या घरात आहे. पाटी नाही, कुणालाही विचारा. आदल्या दिवशी फोन करावाच लागतो, कारण काकू माणसं मोजून नारळ फोडतात. फोनवरच त्यांनी विचारलं, "आजोबांना साखर आहे का? दात आहेत का?" हा दुसरा प्रश्न मला आजवर एकाही हॉटेलात कुणी विचारलेला नाही.

पानात तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, केळफुलाची भाजी, कुळथाचं पिठलं, भात, सोलकढी आणि आधी सांगितलं असेल तर उकडीचे मोदक. बिरड्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण बिरडं बिघडवणं फार सोपं आहे. मोड आलेले वाल सोलून, डाळिंब्या अख्ख्या राहतील पण जिभेने दाबल्या तर विरघळतील, इतपतच शिजवायचे. जास्त झालं की लगदा, कमी झालं की दाताखाली कच्चट. इथलं बरोबर त्या मधल्या जागी होतं. ओल्या खोबऱ्याचं वाटण, आमसूल, चवीपुरता गूळ. आबांना वरचे दात नाहीत, तरी त्यांनी दोनदा मागून घेतलं. केळफुलाची भाजी मला किंचित कडसर लागली. आबा म्हणाले, कडसर नसेल तर ती केळफुलाची कसली. मोदकाची पारी इतकी पातळ की आतलं सारण बाहेरून पिवळसर दिसत होतं, आणि तरी एकही मोदक फुटलेला नव्हता. साखर असलेल्या माणसाला काकूंनी एकच वाढला आणि दुसऱ्याकडे हात गेल्यावर ताट सरळ उचललं. आबांना उचलून घ्यायची सवय नाही, पण गप्प बसले.

बसायला पडवीत टेबल-खुर्च्या आहेत, खाली मांडी घालावी लागत नाही. कमोड आहे, शेजारी धरायला दांडी आहे. हे आवर्जून लिहितेय, कारण आजी-आजोबांना घेऊन फिरताना चवीच्या आधी हेच बघावं लागतं. उणीव एक: पडवीला तीन उंच पायऱ्या आहेत आणि कठडा नाही. काकूंच्या मुलाने आबांना धरून चढवलं, पण तो घरी नसेल तेव्हा काय? एक पाइप बसवून घ्या, एवढंच काकूंना सांगितलं. पैसे रोख लागतात. पोटभर जेवणाच्या मानाने बिल माफक आहे.

जेवणानंतर पडवीतल्या बाकावर आबा तासभर आडवे झाले. कुणी उठवायला आलं नाही. फेब्रुवारी होता, कलमांना मोहर होता, आणि मागच्या वाडीत पाटाचं पाणी सोडलेलं. उठल्यावर ते देवळात जातील असं मला वाटलं. कुलदैवत असलेली कितीतरी घराणी लांबून व्याडेश्वराला येतात. आबांनी दर्शन दोन मिनिटांत उरकलं आणि निघाले एसटी स्टँडवर! तिथे कंट्रोलरशी वस्तीच्या गाड्यांवर जी चर्चा सुरू झाली ती मलाच थांबवावी लागली.

किनारा सहा किलोमीटरच्या आसपास लांब, मागे सुरूची झाडं. भरतीला जाऊ नका. सुक्या भुसभुशीत वाळूत काठी रुतते आणि तोल जातो. ओहोटी लागल्यावर ओली वाळू घट्ट होते, तिथे आबा विनासायास चालले, चपला हातात घेऊन. भरती-ओहोटीची वेळ कुठल्याही कोळणीला विचारा किंवा तिथी सांगून काकूंना. बसायला सावलीत धड बाक सापडला नाही, शौचालयाचं नाव काढू नका. गाडीत घडीची खुर्ची ठेवा. आम्ही ठेवली होती. आबा त्यावर बसून एका शहाळेवाल्याशी भाव करत राहिले, आणि शेवटी त्यानेच त्यांना मलईसाठी चमचा आणून दिला.

परत येताना धोपाव्याला आमचा नंबर बोटीत शेवटचा लागला. आबांनी काच खाली करून खलाशाला आपली एसटीची नोकरी सांगितली, मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "नात आहे. चालवते बरी. पण क्लच फार दाबून धरते."