नॅसवर कॉपी रखडतेय? केबल, नवं राउटर, २.५ गिगाबिट की एसएसडी कॅश: आधी पैसे कशावर घालायचे

४० जीबीचा एक व्हिडिओ नॅसवर, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या पेटीवर, टाकायचा आहे असं धरू. १०० मेगाबिटच्या जोडणीवर त्याला तासभर लागतो, बऱ्या वाय-फायवर दहा-बारा मिनिटं, गिगाबिट केबलवर सहा मिनिटं आणि २.५ गिगाबिटवर, डिस्कनी साथ दिली तर, अडीच. कॉपी रखडली की बरेच जण थेट एसएसडी कॅश, म्हणजे डिस्कच्या जोडीला वेगवान तात्पुरती साठवण, घ्यायला निघतात. पण यातल्या पहिल्या तीन आकड्यांशी कॅशचा काहीच संबंध नाही. म्हणून खरेदीआधी कॉपीच्या विंडोतला आकडा नीट बघा. एक लक्षात ठेवा: विंडोज सेकंदाला किती मेगाबाइट ते दाखवतं, राउटरच्या खोक्यावर मेगाबिट छापलेले असतात, मध्ये आठपटीचा फरक आहे.

११-१२ मेगाबाइटवर चिकटला असेल तर: फक्त केबल

हा आकडा हलत नसेल तर वाटेत कुठेतरी जोडणी १०० मेगाबिटवर उतरली आहे. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० मेगाबिट मात्र १, २, ३ आणि ६ या चार पिनांवर चालतं. बाकीच्या चारांपैकी एखादी तार तुटली किंवा प्लगमध्ये नीट बसली नाही, तर जोडणी बंद पडत नाही, गुपचूप खालच्या वेगावर येते. इंटरनेट चालू राहतं, त्यामुळे केबलवर कोणाचा संशयही जात नाही. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये इथरनेटचा लिंक स्पीड बघा. तिथे १०० दिसलं तर केबल बदला. पण संगणकाकडे १००० दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका, नॅस ते स्विच (केबली एकत्र जोडणारी डबी) हा टप्पाही तपासा. केबल बदलूनही तेच राहिलं तर स्विच किंवा राउटरचे पोर्टच १०० चे असतील, जुन्या राउटरमध्ये असे सर्रास सापडतात.

नवी केबल शुद्ध तांब्याचीच घ्या. लॅमिंग्टन रोडवर किंवा तपकीर गल्लीत स्वस्तात मिळणाऱ्या काही केबलींत ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. एका तारेचं टोक ब्लेडने खरवडा, आत चंदेरी निघालं तर परत करा. ती तार दोन-चारदा वाकवली की तुटते, आणि तुम्ही पुन्हा ११ वर येता.

३० ते ७० मध्ये वरखाली होत असेल तर: नवं राउटर की दहा मीटर केबल?

केबल. दोन अँटेनांच्या वाय-फाय ५ लॅपटॉपवर ८६७ मेगाबिट लिहिलेले दिसतात, हाती साधारण निम्मे ते दोन-तृतीयांश लागतात, कारण हवेत एका वेळी एकच बाजू बोलू शकते. वाय-फाय ६ त्याच खोलीत बरंच पुढे जातं, पण मध्ये स्लॅब किंवा विटांची भिंत आली की फायदा आटतो. भाड्याच्या घरात केबल ओढता येत नसेल तर निदान नॅस तरी राउटरला तारेने जोडा. दोन्ही टोकं वाय-फायवर ठेवली की प्रत्येक बाइट हवेतून दोनदा जातो.

सुरुवातीला ११०, मग २० वर घसरण

पहिले काही सेकंद नॅसची रॅम माल झेलते, खरी डिस्क त्यानंतर दिसते. घसरण मोठी आणि लांबलचक असेल तर डिस्क एसएमआर आहे का बघा. या प्रकारात ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात, एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. वेस्टर्न डिजिटलच्या २ ते ६ टीबीच्या रेड (Red) मालिकेतल्या, मॉडेल क्रमांकात ईएफएएक्स असलेल्या डिस्क अशाच होत्या, त्यावरून २०२० मध्ये बराच गदारोळही झाला. सीगेटच्या ४ आणि ८ टीबीच्या डेस्कटॉप बाराकुडाही एसएमआर आहेत. इथे केबल, स्विच, कॅश कशाचाच खरा उपयोग नाही, डिस्कच बदलायची. वेस्टर्न डिजिटलची रेड प्लस किंवा सीगेटची आयर्नवुल्फ घ्या, दोन्ही सीएमआर आहेत, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर चढलेले नसतात.

हजारो बारीक फोटो टाकताना वेग पडला तर त्यात बिघाड काहीच नाही. प्रत्येक फाइल उघडणं, लिहिणं, बंद करणं यात वेळ जातो. झिप करून पाठवा, किंवा विंडोजमधली रोबोकॉपी ही आज्ञा १६ थ्रेडवर चालवा, म्हणजे अनेक फाइली एकदम जातात. खर्च शून्य.

११०-११५ वर स्थिर आहे, तरी कमी वाटतं

मग तुमचं गिगाबिट पूर्ण भरलं आहे. खरी निवड इथून सुरू होते, आणि पर्याय तीन आहेत.

२.५ गिगाबिट हा आमच्या मते बहुतेकांसाठी योग्य पर्याय. याचं मानक २०१६ चं आहे आणि ते जुन्या कॅट-५ई वायरवर १०० मीटरपर्यंत चालतं, म्हणजे भिंतीतली वायर उकरायला नको. पण नॅस, स्विच आणि संगणक तिन्ही २.५ चे हवेत. सिनॉलॉजीच्या डीएस२२४+ ला दोन्ही पोर्ट १ गिगाबिटचे आहेत, क्यूनॅपच्या टीएस-२६४ ला दोन्ही २.५ चे. आता डिस्कचं बघा. दोन डिस्कच्या मिररमध्ये, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा ठेवला तर, लिहिण्याचा वेग एका डिस्कइतकाच राहतो. ५४०० आरपीएमची डिस्क रिकामी असताना दीडशे-पावणेदोनशे मेगाबाइट देते, भरत आली की जवळपास निम्म्यावर येते. म्हणजे दोन डिस्कच्या नॅसवर आपला व्हिडिओ चार-साडेचार मिनिटांत जाईल. अडीच मिनिटं हवी असतील तर चार डिस्कची रेड ५ (RAID 5, डेटा सगळ्या डिस्कवर वाटणारी रचना) किंवा एसएसडीचा व्हॉल्यूम लागेल.

दोन पोर्ट एकत्र जोडणं, म्हणजे लिंक ॲग्रिगेशन, ऐकायला फुकटचं वाटतं. पण त्यात एका संगणकाची एक कॉपी एकाच तारेवरून जाते, आकडा ११३ च राहतो. चार जण एकदम वापरत असतील तरच फायदा. संगणकालाही दोन पोर्ट असतील तर एसएमबी मल्टिचॅनेल (फाइल शेअरिंगमधली सोय) चालू करा, त्यात एक कॉपीही दोन्ही तारांवर विभागते.

एसएसडी कॅश सगळ्यात शेवटी. तिचा उपयोग व्हर्च्युअल मशीन, डेटाबेस, फोटो ॲपची थंबनेल अशा विखुरलेल्या वाचनाला होतो, एका मोठ्या फाइलला जवळजवळ नाही. राइट कॅश एकाच एसएसडीवर ठेवू नका. ती गेली तर डिस्कवर न उतरलेला डेटाही तिच्यासोबत जातो. जोडीने मिरर करा आणि नॅस यूपीएसवर ठेवा, लोडशेडिंगच्या भागात तर नक्कीच.

यांतलं काहीही मागवण्याआधी आयपर्फ३ हे वेग मोजणारं सॉफ्टवेअर दोन्ही दिशांनी चालवा. ते डिस्कला हात न लावता फक्त नेटवर्क मोजतं. ९४० मेगाबिटच्या आसपास आलं तर तार, स्विच आणि पोर्ट ठीक आहेत. तरीही कॉपी ४० मेगाबाइटवर अडकली असेल तर तेव्हा नॅसचा सीपीयू बघा: एन्क्रिप्ट केलेला शेअर, थंबनेल बनणं किंवा रात्रीपासून चालू असलेलं रेड (RAID) स्क्रबिंग, म्हणजे डिस्कवरच्या डेटाची पडताळणी. आयपर्फच ३०० मेगाबिटच्या आसपास थांबलं आणि नॅस म्हणून रास्पबेरी पाय ३बी+ हा छोटा संगणक वापरत असाल, तर केबल बदलून उपयोग नाही. त्याचा गिगाबिट पोर्ट आतून यूएसबी २ वर बसवलेला आहे. पाय ४ घ्या.