कॅल्क्युलिक्सचे सात महिने: स्लेची हालचाल स्वतः लिहून तपासताना

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं यंत्रमागाचे सुटे भाग बनवणारं छोटं वर्कशॉप आहे. स्ले म्हणजे फणी धरून पुढे-मागे हलणारा मागाचा भाग. तिच्या उभ्या दांड्याला वेल्डपाशी तडे जात होते. दरवेळी दांडा जाड करण्यापेक्षा ताण नेमका कुठे येतो ते बघावं, म्हणून कॅल्क्युलिक्स हे ताण काढून देणारं सॉफ्टवेअर घेतलं. गीडो डोंट आणि क्लाउस विटिग यांचं हे सॉफ्टवेअर मुक्त आहे, परवान्याला पैसे लागत नाहीत. आमच्यासारख्यांना हे फार मोठं आहे.

सॉल्व्हरबद्दल, म्हणजे गणना करणाऱ्या भागाबद्दल, माझी तक्रार नाही. वेळ गेला तो बाउंडरी कंडिशनमध्ये, म्हणजे कुठला भाग कसा हलतो ते सांगण्यात. स्ले क्रँकवर चालते. वेळ आणि सरकणं यांचा तक्ता भरून देता येतो, पण मागाचा वेग बदलला की तक्ता पुन्हा करा. म्हणून हालचालीचं सूत्र फोरट्रान भाषेत, यूबाऊन या सबरूटीनमध्ये (वापरणाऱ्याने स्वतः भरायच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) लिहिलं. ते लिहिलं की अख्खा सॉल्व्हर पुन्हा कंपाइल करावा लागतो. पहिल्या वेळी त्यातच दोन दिवस गेले.

पहिले निकाल सुंदर आले आणि मी विश्वास ठेवला. मिनिटाला १२० पिक (आडवे धागे, क्रँकच्या दर फेऱ्याला एक), म्हणजे एका फेऱ्याला ०.५ सेकंद, आणि माझी स्टेपही, म्हणजे गणनेचा एक टप्पा, बरोबर ०.५ सेकंदाची होती. पुढे स्टेप ०.२ सेकंदाची केली, तर दुसरी स्टेप सुरू होताच स्ले एकदम पहिल्या जागी उडाली आणि ताण आभाळाला भिडला. यूबाऊनला वेळेचे दोन आकडे मिळतात: पहिला चालू स्टेपचा, जो दर स्टेपला शून्यापासून सुरू होतो, दुसरा एकूण. मी पहिला घेतला होता. पूर्ण फेऱ्याची स्टेप असेपर्यंत चूक दिसणं शक्यच नव्हतं. दांड्याच्या मॉडेलवर मी तीन आठवडे काम केलं होतं, ते सगळं पुन्हा तपासावं लागलं.

तेव्हापासून नवी कंडिशन आधी एका स्प्रिंगवर आणि एका वस्तुमानावर चालवतो. डँपिंग (कंपन विरवणारा रोध) अगदी किंचित. नैसर्गिक वारंवारतेच्या दुप्पट वारंवारतेने पाया १ मिमी हलवला, की सुरुवातीची थरथर विरल्यावर वस्तुमान सुमारे ०.३३ मिमी हललं पाहिजे, तेही उलट दिशेला. दिशा चुकली तरी इथेच कळतं.

मग स्लेचा प्रवेग. क्रँक ७५ मिमी, कनेक्टिंग आर्म ३०० मिमी, आणि स्ले जवळजवळ सरळ रेषेत जाते असं धरलं. फणी कापडावर ठोकते त्या पुढच्या टोकाला प्रवेग १४.८ मी/से² यायला हवा, मागच्या टोकाला ८.९. आर्मची लांबी विसरून साधी कोसाइन लिहिली तर दोन्हीकडे ११.८ येतो. निकालातल्या सरकण्याचा दोनदा फरक काढून हे आकडे जुळवतो. गणना शून्य वेळेला थेट फिरत्या क्रँकपासून सुरू केली तर सुरुवातीला धक्का बसून दांडा थरथरतो. ते खरं कंपन नव्हे, म्हणून पहिले दोन फेरे मी वेग हळूहळू चढवतो आणि ते मोजत नाही. शिवाय स्टेपच्या आतली वेळेची छोटी पायरी निम्मी करून बघतो. डायनॅमिक गणनेत अल्फा (गणनेतलं कृत्रिम डँपिंग ठरवणारा आकडा) मूळचा उणे ०.०५ असतो, त्याने बारीक कंपनं थोडी दबतात. पायरी मोठी असेल तर ती जास्तच दबतात आणि आलेख उगाच गुळगुळीत दिसतो.

सूत्रावर माझा पूर्ण भरवसा बसला तो मागावर. आमच्या जॉबरमामांना (मागाची जुळणी-दुरुस्ती बघणाऱ्या) बंद मागाचा क्रँक पुढच्या टोकापासून हाताने पाव फेरा फिरवायला सांगितला. कोसाइनच्या हिशेबाने स्ले ७५ मिमी मागे यायला हवी होती, माझ्या सूत्राने ८४.५. स्टीलची पट्टी मामांनीच धरली होती. "चौऱ्याऐंशी, वर थोडं," ते म्हणाले.