विनएससीपी: रात्रीची पानं आपोआप, पासवर्डाशिवाय

बेळगावात शहापूरला आमचं डीटीपीचं दुकान. रोज रात्री अकराला पानं कोल्हापूरच्या प्रेसच्या सर्व्हरवर जातात. आधी बॅच फाइलमध्ये (आज्ञा ओळीनं चालवणारी साधी फाइल) पासवर्ड उघडाच लिहिलेला. कामावरच्या पोरानं तो मोठ्यानं वाचला, तेव्हा धाबं दणाणलं.

आता विनएससीपी, म्हणजे सर्व्हरवर सुरक्षितपणे फाइली पाठवायचा विंडोजवरचा प्रोग्राम. फुकट आहे. सेव्ह केलेला पासवर्ड एरवी नुसता झाकलेला असतो. सगळ्यांवर एक मास्टर पासवर्ड लावला की तो एईएस-256 या पक्क्या कूटलेखनानं बंद होतो. पण रात्री अकराला तो टाकायला बसणार कोण? म्हणून पासवर्डाऐवजी कीच घेतली, म्हणजे डिजिटल किल्ल्यांची जोडी. खासगी किल्लीची पीपीके फाइल फक्त माझ्या विंडोज खात्याला वाचता येते, जोडीतली पब्लिक की प्रेसकडे. सर्व्हरची होस्ट की (त्याची ओळख पटवणारी खूण) मात्र विनएससीपीच्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे आज्ञांच्या फाइलीत, आधीच लिहा, नाहीतर गाडी तिथंच अडते. माझे दोन दिवस त्यातच गेले. बाकी, लाइट गेली की सगळंच थांबतं; यूपीएस घ्या.